नखाखालचा विनातिकीट प्रवासी

मी एसटीत आहे, मार्ग तपासणी पथकात. म्हणजे मधल्याच एखाद्या थांब्यावर जीप उभी करायची, गाडीला हात दाखवायचा, आत चढायचं आणि कोण खोटं बोलतंय ते शोधायचं. या कामात इतकी वर्षं गेली की कुणी नमस्कार केला तरी मनात येतं, याला काय हवंय. बायको सुलभा म्हणते, तुम्ही देवळातली घंटा वाजवतानाही ती पितळेचीच आहे ना ते बघून घेता. तिचं अगदीच चुकतं असं नाही.

अशा माणसाला असं दुखणं झालं, की ज्याचा काही पुरावाच नव्हता. माझ्यासारखं कुणाचं बोट ठणकत असेल आणि घरचे 'दिसत तर काही नाही' म्हणत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. वैद्यकातलं मला कळत नाही. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगतो.

काटा

रविवारचे मासे साफ करण्याचं काम आमच्या घरात माझं. एका रविवारी शिंगाळा आणला होता. रत्नागिरीत पोरालाही ठाऊक असतं की या माशाचा काटा वाईट, टोचला तर हात सुजतो. तो मला डाव्या हाताच्या अनामिकेला टोचला. दोन दिवस सूज राहिली, उतरली, मी विसरलो.

पुढे काही महिन्यांनी त्याच बोटाच्या नखाखाली कळ यायला लागली. फ्रिजमधली बाटली धरली की कळ. पहाटेच्या गाडीत चढताना गार दांडी धरली की कळ, आणि ती अशी की खांद्यापर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं, डोळ्यांसमोर अंधारी यायची. हात गरम झाला की सगळं शांत. बोटाकडे बघावं तर ते ठणठणीत. लाली नाही, सूज नाही.

सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, काटा मोडून आत राहिलाय. सुलभा तेच म्हणाली, मासेवाली तेच म्हणाली, शेजारी तेच म्हणाले. मलाही पटलं, कारण समुद्राकाठच्या माणसाला बोटाचं दुखणं म्हटलं की आधी काटाच आठवतो. गूळ-चुन्याचा लेप झाला. कढत मिठाचं पाणी झालं. मग एका डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं, आत काटा आहे तेवढा काढा. त्यांनी बिचाऱ्यांनी आमच्या शब्दावर भरवसा ठेवून नखाची एक बाजू उचलली आणि आत शोधलं. काटा नव्हता. काटा आम्ही सांगितला, त्यांनी शोधला, पण तो तिथे कधीच नव्हता. नख परत येईपर्यंत मी दुहेरी ठणका सोसला.

बोट तर चांगलं दिसतंय

त्यानंतरची यादी सांगत बसत नाही. एक्स-रे चांगला आला. साखर चांगली निघाली. कुणी मानेतला मणका म्हणालं. शेवटी एका डॉक्टरांनी झोप लागते का, घरात ताण आहे का, असं विचारलं आणि एक बारीक गोळी लिहून दिली. ती कसली आहे हे मी औषधाच्या दुकानात विचारून घेतलं आणि घेतली नाही.

सगळ्यात वाईट होती ती लोकांची नजर. ती नजर मी ओळखतो, कारण ती माझी स्वतःची आहे. प्रवासी जेव्हा 'तिकीट काढलं होतं, वाऱ्यावर उडालं' म्हणतो, तेव्हा मी मान हलवत असतो, पण बघत असतो त्याच्या पायांकडे. खोटं बोलणाऱ्याचे पाय आधीच दाराकडे वळलेले असतात. आता पथकातले सहकारी माझ्या बोटाची चौकशी करताना माझ्या पायांकडे बघायला लागले. जीपमध्ये वारा लागू नये म्हणून मी हात बगलेत धरून बसायचो, तर ड्रायव्हर गालात हसायचा.

घरी तर धुसफुसच होती. मासे बर्फातले. ते हातात घेतले की मी कळवळायचो आणि सुरी टाकून उठायचो. सुलभा पुढचे मासे स्वतः साफ करताना भांडी जरा जास्त आपटायची. मी चिडायचो. मग ती म्हणायची, 'सोमवारी ड्युटीवर जाता तेव्हा नाय वाटतं दुखत?' दुखायचं, पण ते तिला कसं दाखवणार?

घर एकदम गोड झालं

आणि मग एका दिवसापासून सुलभाने भांडणं बंद केली.

एकदम बंद. आंघोळीला कढत पाणी काढलेलं असायचं. जेवणानंतर हात धुवायला कोमट पाण्याचा तांब्या. स्टीलच्या पेल्याऐवजी प्लॅस्टिकचा मग आला. डब्याच्या कडीला तिने फडकं गुंडाळून शिवून टाकलं. एक दिवस तर मुलीच्या जुन्या लोकरी मोज्याची माझ्या बोटापुरती टोपी करून दिली. मासे ती भांडी न आपटता साफ करायला लागली, आणि पापलेटची मधली तुकडी माझ्या ताटात यायला लागली.

दुसरा कुणी सुखावला असता. मी घाबरलो. त्याचं कारण माझे वडील.

वडिलांच्या मानेला गाठ आली होती. डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. घरात येऊन भाऊ म्हणाला, साधी गाठ आहे. वडिलांना तेच सांगितलं आणि मी धाकटा म्हणून मलाही तेच. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, साधी गाठ आहे हो, औषधाने जिरेल. त्या दिवसांत आई त्यांच्याशी एकदाही भांडली नाही. त्यांच्या ताटात मधली तुकडी पडायची. ते गेल्यावर मला कळलं की सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी भांडेनासं झालं की मी आधी ताटात काय वाढलंय ते बघतो.

मी हिशेब मांडला. नख उचललेल्या डॉक्टरांनी आतलं काहीतरी तपासायला पाठवलं असणार. सुलभा मला न सांगता त्यांना भेटली असणार. मी तिला सरळ विचारलं नाही. खोटं पकडायचं तर आधी विचारायचं नसतं, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण.

टाचणीचं बोथट डोकं

मुलगी दापोलीला शेतकी शिकते. तिने कुणाकडून तरी ऐकून रत्नागिरीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. दुखणं नखाखालचं आणि डॉक्टर कातडीचे, म्हणून मी सुलभाला घेऊन नाखुशीनेच गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी कुठलाही जुना रिपोर्ट न बघता आधी बोट उजेडात धरलं आणि नखातून दिसणारा एक पुसट निळसर ठिपका मला दाखवला. इतके महिने मी त्या बोटाकडे बघत होतो, पण तो मला दिसला नव्हता.

मग त्यांनी टाचणीच्या बोथट डोक्याने नखावर एकेक जागा दाबायला सुरुवात केली. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. इथे, म्हणताक्षणी मी खुर्चीतून उठलो. केसाइतकं बाजूला सरकलं की काहीच नाही. बर्फाचा तुकडा लावला, मी ओरडलो. मग हात वर धरायला लावून दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळला, त्याच जागी टाचणी दाबली, आणि दुखलं नाही. पट्टा सोडला, कळ परत.

मला वाटलं यात काही हातचलाखी आहे. मी म्हटलं, मी डोळे मिटतो, पुन्हा करा, आणि पट्टा आवळलाय की नाही ते सांगू नका. पट्टा दंडाला कळणारच की, असं त्या म्हणाल्या, पण हसून त्यांनी पुन्हा केलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

'याला ग्लोमस ट्यूमर म्हणतात,' त्या म्हणाल्या. 'क्वचित दिसतो. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. काढली की दुखणं जाईल.'

मला दोनच शब्द ऐकू आले. एक ट्यूमर. दुसरा, साधी गाठ. वडिलांच्या वेळचं सगळं तसंच्या तसं समोर उभं राहिलं. त्यात मला एमआरआयच्या चिठ्ठीसाठी बाहेरच्या टेबलाशी पाठवलं आणि परत येऊन बघतो तर डॉक्टर सुलभाशी हळू आवाजात बोलत होत्या. मी आत शिरताच दोघी गप्प झाल्या.

दोघांना वेगवेगळं विचारणं

आमच्याकडे एक पद्धत आहे. गाडीत काही गडबड वाटली तर कंडक्टरला खाली उतरवायचं आणि प्रवाशाला वरच ठेवायचं. कुठे चढलास, किती दिलेस, हे दोघांना वेगवेगळं विचारायचं. बोलणं जुळलं नाही की चोरी सापडली.

मी तेच केलं. एमआरआय झाल्यावर सुलभाला न सांगता एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, साधी गाठ, बोट बधिर करून काढता येते, नख परत येतं, क्वचित पुन्हा होऊ शकते म्हणून लक्ष ठेवायचं. मला बाहेर पाठवून बायकोला काय सांगितलंत, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही शस्त्रक्रियेला घाबराल का एवढंच विचारलं. घरी येऊन मी सुलभाला विचारलं. तिनेही तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

खरं तर मी निवांत व्हायला हवं होतं. पण माझा अनुभव असा की खरं बोलणाऱ्या दोन माणसांच्या सांगण्यात थोडा फरक असतोच. शब्दाला शब्द जुळला म्हणजे आधी ठरवून घेतलंय. मुलीला फोन केला. ती आधी बोलली नीट, पण आई हल्ली एवढी प्रेमळ कशी झाली असं विचारल्यावर अडखळली. म्हणाली, 'बाबा, ते आईलाच विचारा. मला तिने सांगू नको म्हटलंय.'

झालं. सांगू नको म्हटलंय, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. खरं काय ते कुणीतरी माझ्या तोंडावर सांगेपर्यंत मी टेबलावर झोपणार नाही, असं ठरवलं. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण वडिलांसारखं सगळ्यांना 'साधी गाठ आहे हो' सांगत फिरायचं, आणि समोरच्याला सगळं माहीत असायचं, याची भीती त्याहून जास्त होती.

जयगड गाडी

त्या आठवड्यात आमचं पथक जयगडच्या रस्त्यावर होतं. माझं गाव त्याच वाटेवर. एका गाडीत चढलो, डावा हात टोपी घातलेल्या बोटासकट बगलेत, उजव्या हाताने तिकिटं बघत मागे सरकत होतो. मागच्या बाकावर आमच्या गावचे गुरव बसले होते, ग्रामदेवतेची पूजा करणारे. आम्ही त्यांना बाळादादा म्हणतो. तिकीट पुढे करत ते म्हणाले, 'काय रे, बोट बरा झाला काय?'

मी गावात कुणाला बोटाचं सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं.

'वैनी आलेली ना देवळात, कौल लावायला. देवान तवाच सांगितलान.'

काय सांगितलं, असं मी विचारल्यावर बाळादादांचा चेहरा बदलला. आपण बोलायला नको ते बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. 'ता वैनीलाच विचार तू,' म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी पाय बघितले. ते दाराकडेच वळलेले होते, पण त्यांचा थांबा जवळ आला होता, त्यामुळे त्यावरून काही कळलं नाही.

आमच्याकडे कौल कसा लावतात ते बाहेरच्यांना सांगतो. देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न देवासमोर मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, शेत, कोर्टकचेरी, सगळं माणसं असं विचारतात. आजारी माणसाविषयी विचारतात ते एकच, वाचेल का. गाडीतून खाली उतरलो आणि अर्धी ड्युटी टाकून घराकडे निघालो.

गाऱ्हाणं

घरी आलो तेव्हा दुपार होती. सुलभा भातातलं पाणी वेळून काढत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, कौल लावलास ते मला कळलंय. आता मी किती दिवस आहे ते सांग.

 तिने टोप बाजूला ठेवला आणि ती खाली बसली.

'किती दिवस म्हणजे?'

मी सगळं ओकलो. कढत पाणी, मधली तुकडी, नख उचललेले डॉक्टर, मुलीचा फोन, वडील.  ती ऐकत होती. आधी तिला हसू आलं, मग ते गेलं.

'असलं काही विचारायला नव्हते गेले मी,' ती म्हणाली.

'मग काय विचारलंस?'

तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, 'विचारलं, ह्यांचं दुखणं खरं आहे, की सोंग?'

मी खुर्ची ओढून बसलो. बाळादादांनी हे भर देवळात मोठ्याने म्हटलं असणार. शेजारी चार माणसं उभी असणार. सगळ्या गावाने ऐकलं असणार.

'तुम्ही ओरडायचात, आणि मी बघायची तर बोट चांगलं,' ती म्हणाली. 'मासे साफ करायचे म्हटले की दुखायचं. एवढे डॉक्टर झाले, सगळे म्हणाले काही नाय. मला काय कळणार? तुमच्याबरोबर एवढी वर्षं राहून माझी पण नजर तशीच झालीय.'

'मला विचारायचं सोडून देवाला विचारलंस?'

'तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय सांगणार होतात? दुखतंय म्हणूनच ना? ते तर रोज सांगत होतात.'

 कौल काय पडला, एवढंच मी विचारलं.

'उजवा. दुखणं खरं. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच पडला.' ती उठून परत भाताकडे वळली. 'त्या दिवसापासून मी पाणी तापवतेय. पोरीला सांगू नको म्हटलं, कारण कळलं की तुम्ही चिडाल.'

मी मनात तारखा जुळवून बघितल्या. कढत पाणी सुरू झालं ते त्वचेच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या कितीतरी आधी. कुणालाही कसलाच रिपोर्ट माहीत नव्हता. दुसऱ्याची चोरी पकडताना हे मी पहिल्या मिनिटाला बघितलं असतं. स्वतःच्या घरात बघायचं राहून गेलं.

मला राग आला होता, अपमानही वाटला होता. पण त्या सगळ्याच्या खाली एक हलकेपण होतं. कॅन्सर नव्हता. बायकोने माझ्यावर संशय घेतला होता, एवढंच. त्या दिवशी आम्ही महिन्यांनी पहिल्यांदा कडकडून भांडलो आणि मला बरं वाटलं.

टेबलावर

शस्त्रक्रियेविषयी थोडंच सांगतो, कारण लोक उगाच घाबरतात. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देतात, ते झोंबतं. त्यानंतर बोट आपलं राहत नाही. मान वळवली तर सगळं दिसतं. मी वळवली. नख उचललं, खालची कातडी उघडली, आणि डॉक्टरांनी काढलेली गाठ मला चिमट्यात धरून दाखवली. नाचणीचा दाणा. एवढ्याशा ऐवजाने मला इतके महिने नाचवलं. मी म्हटलं, ही माझीच ना? बाजूची नर्स खो खो हसली. डॉक्टर न हसता म्हणाल्या, तुमचीच, आणि त्यांनी ती माझ्यासमोर बाटलीत घातली.

तपासणीचा निकाल आला तेव्हा मी डॉक्टरांना एक विनंती केली. बायकोला आत बोलवा, मलाही बसू द्या, आणि काय ते दोघांना एकदमच सांगा. त्यांनी सांगितलं, साधी गाठ, पूर्ण निघाली. तेच दोन शब्द होते. या खेपेला दोघांनी एकत्र ऐकले.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गार लागलं की नखाखाली एकाच टोकावर कळ येत असेल आणि बाहेरून काही दिसत नसेल, तर काटा शोधत बसू नका, बोट त्वचेच्या किंवा हाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि घरच्यांना बाहेर वेगळं काही सांगू नका, जे असेल ते माझ्यासमोर सांगा, असं डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बजावा. हे मी आधी केलं असतं तर माझी निम्मी भीती वाचली असती.

बर्फ

नवं नख यायला बराच काळ गेला. ते थोडं वाकडं आहे. ते पुरतं आलं त्या रविवारी मी स्वतः जेटीवर जाऊन सुरमई आणली, पिशवीत बर्फासकट. मोरीजवळ पाट घेऊन बसलो आणि बोटाची टोपी काढली. सुलभा सवयीने कोमट पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली.

मी बर्फाचा एक मोठा खडा उचलला आणि त्याच बोटाने दाबून धरला. धरूनच राहिलो. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बोट गारठलं, बाकीच्या बोटांसारखंच.

'दुखतं?' सुलभाने विचारलं.

'नाही.'

खरंच का, असं तिने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाही. तांब्यातलं पाणी मोरीत ओतून ती वाटण वाटायला गेली.